भर दर्यात पार्ट बदलायचा नाय

एका गुरुवारी दुपारी, जेवून उठल्यावर, मी माझ्या सायबर कॅफेतली चारही मशीनं स्वतःच्या हाताने निकामी केली. मला कोणी सांगितलं नव्हतं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. स्वतःच्या बुद्धीने केलं, आणि करताना शीळ वाजवत होतो. चारही का, असं कोणी विचारील. तर पहिल्यावर जमलं असं वाटल्यामुळे बाकीच्या तिघांवर अन्याय नको, म्हणून.

यात माझ्यापेक्षा मोठी अडचण होती युसूफचाचांची. कारण ती मशीनं कागदोपत्री माझी असली तरी चाचांच्या हिशेबी ती त्यांची इंजिन रूम होती, आणि मी तिथला, फार तर, कोळसा टाकणारा गडी.

युसूफ सारंग. राहायला राजिवड्याला. आडनाव सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या, असलं तरी माणूस डेकवर कधी उभा राहिला नाही. बावीस वर्षं मालवाहू जहाजांच्या पोटात फिटर म्हणून गेली. समुद्राबद्दल विचारलं तर म्हणत, "मला काय विचारतोस? मी दर्या बघितलाच नाय. मी पंप बघितले." बोलताना आवाज नेहमी टिपेला. समोर इंजिन चालू आहे आणि त्यावरून ओरडायचं आहे, अशा बेताने ते साखरेची चौकशी करायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी इंजिन काही बंद झालं नव्हतं.

जहाजावर इंजिनातल्या माणसांच्या पाळ्या असतात, त्यांना वॉच म्हणतात. चाचांचा वॉच चार ते आठ. पहाटे चार ते आठ, आणि संध्याकाळी चार ते आठ. पहाटेचा वॉच ते घरी करायचे. नळ, दिवे, पंखे तपासत आणि चाचीला झोपू न देता. संध्याकाळचा माझ्या कॅफेत. चारच्या ठोक्याला चपला दाराबाहेर काढून आत. प्रत्येक मशीनच्या डब्याला उलट्या हाताचा स्पर्श, जसा आपण पोराचा ताप बघतो. मग वहीत नोंद: 'नंबर एक, बरा. नंबर दोन, गरम, पण बोलतोय.' आणि आठ वाजले की उठलेच. वाक्य अर्धं असलं तरी. एकदा मला म्हणाले, "सुधीर, तुझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे," आणि आठ वाजले. ती चूक मला आजतागायत कळलेली नाही.

ते माझ्याकडे आले कसे, तेही सांगायला हवं. मुलाने पाठवलेला ईमेल वाचायला सून घेऊन आली होती. माझ्या मशीनांना तेव्हा जगातले सगळे व्हायरस झालेले. ईमेल उघडायला जावं, तर एक अर्धवट कपड्यांतली बाई पडद्यावर यायची आणि जाता जायची नाही. चाचांनी तिच्याकडे एकदा आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "इंजिन रूममध्ये ही काय करते?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता रेक्झिनची पिशवी, सीडींची चळत आणि शिवण उसवलेलं एक जाड पुस्तक घेऊन हजर. शेवटच्या जहाजावर एका तरुण सेकंड इंजिनिअरने त्यांना लिनक्स नावाच्या, फुकट मिळणाऱ्या आणि व्हायरसना दाद न देणाऱ्या संगणक-प्रणालीची दीक्षा दिली होती. आठवडाभरात बाई गेली, व्हायरस गेले, आणि दुकानातला माझा अधिकारही गेला.

लिनक्सचे प्रकार पुष्कळ. चाचांचा प्रकार असा, की ते बनवणारे लोक दोन-अडीच वर्षांतून एकदा सगळं सामान तपासून, एकमेकांशी जुळवून, एक पक्की आवृत्ती बाहेर काढतात. मग तिच्यात फेरबदल नाही. भोक पडलं तर बुजवतील. पण नवा रंग, नवी खिडकी, नवी चैन, काही नाही. पुढची आवृत्ती येईपर्यंत आहे ते आहे. हे ऐकून मला जरा कोंडल्यासारखं झालं होतं. चाचांना मात्र भरून आलं होतं.

"जहाज पण असंच," ते ओरडून म्हणाले. "गोदीत हाय तोवर काय ता सगळं बदलून घे. एकदा निघालं की इंजिन आपलं आणि आपण इंजिनाचे. भर दर्यात पार्ट बदलायचा नाय!"

कॉलेजची पोरं यायची. "चाचा, हे फारच जुनं व्हर्जन आहे. नवीन टाका ना."

"चालतंय ना?"

"चालतंय, पण..."

"मग गोदीत बघू."

हे 'गोदीत बघू' घरीही चाले. चाचीने नवा मिक्सर मागितला, गोदीत बघू. दाराला रंग काढायचा, गोदीत बघू. चाची एकदा माझ्यासमोर म्हणाली, "तुमची गोदी आदी येते का माझा जनाजा आदी उठतो, तां बघूया." चाचांनी ते वहीत लिहून घेतलं की काय, असा मला संशय आहे, कारण पुढच्या महिन्यात मिक्सर आला.

आणि खरोखरच एकदा गोदी आली. नवी आवृत्ती निघाली. चाचांच्या भाच्याने मुंबईहून सीडींचं पार्सल एसटीने पाठवलं. चाचा ते घ्यायला इस्त्रीचे कपडे घालून स्टँडवर गेले. कॅफे दोन दिवस बंद, आणि दारावर चाचांच्या अक्षरात पाटी: 'गोदीत आहे.' बाजारात बातमी पसरली की सुधीरने धंदा विकून बोट घेतली. माझे सासरे रिक्षा करून विचारायला आले.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग ती सूचना आली.

दोन हजार पाच-सहाचा सुमार. रत्नागिरीत ब्रॉडबँड नुकताच आलेला. माझा शुक्रवार म्हणजे आखाताचा सुट्टीचा दिवस. नवरे तिकडून बोलायचे, बायका इकडून. चाचांची सून साफिया दर शुक्रवारी साडेचारला तीन नंबरच्या मशीनवर. तिचा नवरा इरफान कुवेतला एसीचा मेकॅनिक. तो सुट्टीवरून परत गेला तेव्हा मुलगी दोन महिन्यांची होती. आता ती दुकानात येऊन माझ्या खुर्चीला धरून उभी राहायची. त्या आठवड्यात पडद्यावर इंग्रजीत पाटी झळकली: बोलण्याच्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती बुधवारनंतर चालणार नाही, नवी घ्या. आणि आमच्या पक्क्या लिनक्समध्ये नवी नव्हती. पुढच्या गोदीपर्यंत येणारही नव्हती.

एरवी फोन करता आला असता. पण फोनवर मिनिटाकडे बघून बोलावं लागतं, आणि या शुक्रवारी बोलायचं ते घाईचं नव्हतं. इरफानची कंपनी आणखी दोन वर्षांचा करार पुढे करत होती. शनिवारी सकाळी हो की नाही सांगायचं. नवरा-बायकोने शुक्रवारी निवांत बोलून ठरवायचं, असं ठरलं होतं.

"चाचांना विचारलंस?" मी साफियाला विचारलं होतं.

"अब्बा त्याच्याशी बोलतात कुठे?" ती म्हणाली. "भांडण नाय हो. सवयच नाय. अब्बा दहा महिन्यांनी घरी यायचे तवा हा पलंगाखाली लपायचा. आता मोठा झाला, पलंगाखाली मावत नाय, एवढाच फरक. समोरासमोर बसले की दोघं पंख्याकडे बघतात."

तर गुरुवारी दुपारी मी ठरवलं, की चाचा यायच्या आत आपणच हे करून दाखवायचं. इंटरनेटवर शोधलं. नवा प्रोग्राम त्याच लिनक्सच्या 'अस्थिर' नावाच्या शाखेत होता. धोका नावातच लिहिला होता. पण मी तो वाचला तो कौतुकाने. मशीन सामान कुठून आणतं त्या यादीत एक ओळ वाढवली आणि एक, फक्त एकच, नवीन प्रोग्राम मागितला. मशीनने नम्रपणे कळवलं: याच्यासाठी खालचा पाया बदलावा लागेल, त्यासाठी दोनशे चौदा गोष्टी बदलाव्या लागतील आणि एकसष्ट काढून टाकाव्या लागतील, चालेल का? मी 'हो' दाबलं. मुलगी बघून आल्यावर आईने विचारलं होतं, तेव्हासुद्धा मी इतक्या पटकन हो म्हटलं नव्हतं.

गंमत अशी, की काम झाल्यावरही मशीन चालूच राहिलं. मला आणखी जोर आला. मग दोन नंबर, मग तीन, मग चार. दोन वाजता रोजच्यासारखी भारनियमनाची लाईट गेली. चारला आली, आणि चार काळ्या पडद्यांवर चार पांढऱ्या रेघा उघडझाप करू लागल्या. बाकी काही नाही.

दाराबाहेर चपला काढल्याचा आवाज आला.

चाचांनी एक नंबरला उलटा हात लावला. दोनला लावला. तीनला लावून तो तिथेच ठेवला.

"कोणी केलं?"

"लाईट गेली होती," मी म्हणालो.

"लाईट कोणाच्या पार्टला हात लावीत नाय." आवाज चक्क खाली आला होता. त्यांचा खालचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, आणि तो वरच्यापेक्षा वाईट होता. मी सगळं सांगितलं. ते एकसष्टसकट.

"तू दुसऱ्या जहाजाचा पार्ट आणलास," ते म्हणाले. "त्याचा स्क्रूचा आटा त्या जहाजाचा. आपल्या इंजिनात बसेना. तर तू काय केलंस? आपलं इंजिनच खोलून त्याच्या आट्याचं करायला घेतलंस. आता हे हिकडचं पण नाय, तिकडचं पण नाय."

"मग नवीन पाहिजेच असेल तर करायचं काय?"

"पार्ट नाय आणायचा. ड्रॉइंग आणायचं. आणि आपल्या लेथवर, आपल्या आट्याचा पार्ट आपण बनवायचा. भर दर्यात दुकान नसतं, सुधीर."

म्हणजे असं, की नव्या प्रोग्रामचा तयार डबा न घेता त्याचा मूळ मजकूर घ्यायचा आणि आपल्या जुन्याच पायावर तो नव्याने घडवायचा. बाकीचं जहाज जसंच्या तसं. हे इतकं सोपं होतं, की मला सुचलं नाही.

त्या दिवशी आठपर्यंत त्यांनी सीडी घालून तीन मशीनं पुन्हा पहिल्यासारखी उभी केली. आठ वाजता उठले. "चाचा, उद्या साडेचारला साफिया..." मी म्हणालो. ते थांबले नाहीत.

शुक्रवारी सकाळी सव्वाआठ वाजता माझ्या घराची कडी वाजली. बाहेर चाचा.

"तुमचा वॉच नाही ना?" मी दात घासत विचारलं.

"ओव्हरटाइम. चावी घे."

त्यांनी पिशवीतून एक सीडी काढली. तिच्यात ड्रॉइंग होतं. चौथं मशीन उभं करून ते कामाला लागले. नवा प्रोग्राम तीन असे जोडभाग मागत होता, जे आमच्या जुन्या आवृत्तीत नव्हते. "दोन हिकडे बनवतो," चाचा म्हणाले. तिसऱ्याबद्दल बराच वेळ वाचत बसले. मग तुच्छतेने म्हणाले, "हा हसरे पिवळे चेहरे नाचवायला पाहिजे. तो नाय बसवायचा. त्यांना हसायचं असेल तर तोंडाने हसतील."

तीनदा मशीन अर्ध्यावर अडलं. तिन्ही वेळा चाचा चष्मा कपाळावर सरकवून चूक मोठ्याने वाचायचे, ओरडून, मशीनला ऐकू येत नसल्यासारखी. चौथ्यांदा ते चालू पडलं आणि पडद्यावरून अक्षरांच्या ओळी धावायला लागल्या. साडेबारा वाजले होते. दोनला लाईट जाणार. तेवढ्यात झालं तर झालं. नाहीतर चारपासून पुन्हा पहिल्यापासून, आणि साडेचार तर साडेचारलाच वाजतात.

चाचांना जुम्याच्या नमाजाला जायचं होतं. त्यांनी मला मशीनसमोर बसवलं. "बघत राहा. कशाला हात लावू नकोस."

"नाही लावत."

"हात मांडीखाली ठेव."

मी हसलो. ते हसले नाहीत. मी हात मांडीखाली ठेवले. सव्वा तास एक पदवीधर गृहस्थ स्वतःच्याच दुकानात स्वतःच्या हातांवर बसून होता. नाकाला खाज आली तेव्हा मी टेबलाच्या कडेवर नाक घासलं, ते समोरच्या पानवाल्याने पाहिलं. त्याने ते अजून विसरलेलं नाही.

दोनला दहा कमी असताना ओळी थांबल्या. चाचा टोपी डोक्यावर असतानाच धावत आले, पडदा वाचला, तयार झालेला प्रोग्राम सीडीवर उतरवला, आणि सीडी बाहेर आल्या आल्या लाईट गेली. "हं," चाचा म्हणाले. मी त्यांना आनंदाने मिठी मारणार होतो, पण हात बधिर झाले होते.

चारला लाईट आली. नवा प्रोग्राम तीन नंबरवर निमूट बसला. बाकीचं काही हललं नाही. बोलणाऱ्यांच्या यादीत इरफानचं नाव हिरवं होऊन चमकत होतं. साडेचार व्हायला अजून वीस मिनिटं.

"आवाज जातोय का बघायला पाहिजे," मी म्हणालो.

"तू बघ."

"मी मशीनला हात लावणार नाही. तुम्हीच सांगितलंय." एवढी एक शहाणपणाची गोष्ट माझ्या हातून त्या दोन दिवसांत घडली, आणि तीही चिडून.

चाचांनी त्या हिरव्या नावावर टिचकी मारली आणि माइक तोंडाजवळ धरला. "हॅलो. टेस्टिंग."

स्पीकरमधून खरखर. मग, "कोण? अब्बा?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग छताकडे, पंख्याकडे. "टेस्टिंग हाय," ते म्हणाले. "आवाज कसा येतोय?"

"चांगला येतोय. नवीन बसवलंत? मला वाटलं, आज बंदच."

"ड्रॉइंगवरनं बनवला. तीन पार्ट मागत होता."

"मग?"

"दोन केले. तिसरा फालतू होता."

इरफान म्हणाला, "अब्बा, हिकडे एक कॉम्प्रेसर आलाय असाच. जुनी बॉडी. सगळे बोल्ले, फेकून द्या. मी आतलं नवीन घालून, दांडा फिरतो तिथे त्याच्याच मापाचं बुश बनवलं. चालू हाय."

"कशाचं बुश?"

"पितळेचं."

"पितळ?" चाचांनी खुर्ची पुढे ओढली. "अरे, तेल कसं टिकतंय मग?"

आणि ते दोघं बोलायला लागले. पितळेवर बोलले, तेलावर बोलले, व्हॉल्व्हवर बोलले. मधेच इरफानचा आवाज तुटायला लागला, तेव्हा चाचांनी रेक्झिनच्या पिशवीतून हेडफोन काढून लावला. मी तो ओळखला. माझाच होता. तीन नंबरचे हेडफोन वर्षभरात तीनदा नाहीसे झाले होते. कॉलेजच्या पोरांवर संशय घेऊन मी भिंतीवर पाटीसुद्धा लावली होती. पिशवीच्या तोंडातून बाकीच्या दोघांच्या वायरी लोंबत होत्या.

साफिया मुलीला कडेवर घेऊन केव्हा येऊन दारात माझ्यामागे उभी राहिली, कळलं नाही. तिने हाताने मला गप्प राहायची खूण केली.

"हेडफोन नसला म्हणजे आवाज स्पीकरमधनं येतो ना," ती हळूच म्हणाली. "अब्बा मागच्या स्टुलावर पाठ करून माउस पुसत बसायचे, तां काय उगाच? मला म्हाईत होतं. मी इरफानला सांगायची, मोठ्याने बोल, लाईन खराब हाय."

मी भिंतीवरची ती पाटी उलटी करून टाकली.

आता फक्त चाचांचं बोलणं ऐकू येत होतं. पलीकडून काय विचारलं ते कळायला मार्ग नव्हता, पण चाचांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला. मग त्या खालच्या आवाजात म्हणाले, "मला विचारतोस तर नको करू सही. तुझी पोर चालायला लागेल आता. तू पहिल्यांदा चाललास, तवा मी कुठल्या दर्यात होतो, तां मला जुनं लॉगबुक काढून बघायला लागतं. बघून काय उपयोग नाय."

 मग चाचा एकदम नेहमीच्या आवाजात ओरडले, "हिकडे काय करशील म्हणजे? हिकडे लोकांना उकडत नाय काय? एसी बसवशील! मी फिटर हाय ना तुझ्याकडे!"

साफियाने पदराने डोळे पुसले आणि मग त्याच पदराने मुलीचं नाक. साडेचार होऊन गेले, पाच वाजले, तरी ती आत गेली नाही. आतून पुन्हा पितळेचा विषय ऐकू यायला लागला होता.

मला राहवलं नाही. "बघ साफिया," मी म्हणालो, "म्हटलं तर हे सगळं माझ्यामुळे झालं. मी काल मशीनं बिघडवली नसती, तर एवढी धावपळ झाली नसती, अब्बांना टेस्टिंग करायची वेळ आली नसती, आणि बाप-लेक आज असे बोललेच नसते."

साफियाने मुलगी या कडेवरून त्या कडेवर घेतली.

"सुधीरदादा," ती म्हणाली, "अब्बांनी तां ड्रॉइंग मंगळवारीच उतरवून ठेवलेलं. काल चारला येऊन बनवणार होते, आणि आज टेस्टिंग करणारच होते. पहाटेपासून घरात 'हॅलो, हॅलो' करून बघत होते. तुम्ही काल जेवून गप झोपला असतात, तरी हे सगळं झालं असतं."